मोगऱ्याचा दुधाचा चहा : फूल उकळायचं नाही

आमच्या नाशिकच्या पंचवटीतल्या घराच्या गच्चीवर मोगऱ्याच्या ६ कुंड्या आहेत. मार्च सरता सरता त्या धरायला लागतात आणि एप्रिल-मे महिन्यांत रोज ओंजळ-दोन ओंजळी कळ्या निघतात. सासूबाई होत्या तोवर कळ्यांचे गजरे व्हायचे, देवाला जायचे, शेजारच्या मुलींच्या वेण्यांत जायचे. आता त्यातला निम्मा मोगरा चहाला जातो. चहाला म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आलं किसून टाकतो तशी फुलं टाकत असणार. तिथेच सगळं चुकतं. माझंही पहिल्यांदा तिथेच चुकलं होतं.

मी २३ वर्षं दूध संकलन केंद्रावर दूध तपासायचं काम केलं. पहाटे कॅन यायचे. झाकण उघडल्यावर आधी वास घ्यायचा, मग दुधाचा दाटपणा मोजायचं लॅक्टोमीटर, मग फॅट, मग आंबटपणा. त्यामुळे दूध कशानं बिघडतं, कशाचा वास धरतं आणि कशानं फाटतं, हे मी रोज डोळ्यांनी पाहिलेलं आहे. फुलांच्या चहात ही माहिती मला पत्तीच्या माहितीपेक्षा जास्त उपयोगी पडली.

सुरुवात झाली भाचीमुळे. ती सुट्टीत आली तेव्हा पत्तीचा एक डबा घेऊन आली होती. आजकाल मोठ्या शहरांत फुलांच्या वासाचा दुधाळ चहा मिळतो, तसा तिनं आमच्या ओट्यावर करून दाखवला. एक घोट घेतला आणि मी कप खाली ठेवला. म्हटलं, "अगं, हा तर मोगरा!" ती म्हणाली, "मावशी, बाहेर ज्याला जास्मिन टी म्हणतात ना, तो याच फुलाचा असतो. चीनमध्ये पत्ती रात्रभर फुलांत ठेवतात."

ती खरंच सांगत होती. चीनच्या फुजियान प्रांतातला, फूचौ शहराकडचा हा चहा पिढ्यान्‌पिढ्या ज्या फुलावर होतो त्याचं शास्त्रीय नाव जॅस्मिनम सॅम्बॅक, म्हणजे आपला मोगरा. जाई नाही, जुई नाही, चमेली नाही. आपण केसांत माळतो तेच फूल.

भाची गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी वीसेक कळ्या आणल्या, नेहमीच्या चहाच्या आधणात टाकल्या आणि चांगल्या खळाखळा उकळल्या. सगळं घर घमघमलं. जिन्यातून वर येणाऱ्या शेजारणीनं विचारलंसुद्धा, की आज काय आहे. कपात मात्र कडू पाणी. वास सगळा घरात गेला, चहात काही उरलं नाही.

मोगऱ्याचा, गुलाबाचा वास ही उडून जाणारी तेलं असतात. आधण उकळलं की ती वाफेबरोबर निघून जातात आणि पाकळीतला कडवटपणा तेवढा पाण्यात उतरतो. आपल्या चहाची सगळी रीत उकळण्याची आहे : आलं ठेचा, वेलदोडा टाका, उकळी आणा, दूध घाला, परत उकळी आणा. आल्याला ते चालतं, कारण आल्याचा तिखटपणा उकळून उडून जात नाही. फुलाला चालत नाही. फुलाचा वास आगीनं काढायचा नसतो. थंड असताना, सावकाश, तो दुसऱ्या कशात तरी मुरवायचा असतो. मुरवायला आपल्याकडे दोन जागा आहेत : कोरडी पत्ती आणि थंड दूध. पुढचं सगळं या दोन जागांभोवती आहे.

पत्ती मोगऱ्यात मुरवणे

आधी पत्ती कोणती ते. आपण रोज वापरतो ती दाणेदार पावडर म्हणजे सीटीसी. पान चिरडून, फाडून, गोळी करून तयार झालेली. ही पद्धत १९३०च्या दशकात आसामात निघाली आणि दूध-साखर घालून उकळायच्या चहाला ती उत्तमच आहे. पण तिचा कडकपणा मोगऱ्याला दाबून टाकतो. इथे लांब पानाची पत्ती हवी. रविवार कारंज्याकडच्या जुन्या चहावाल्यांकडे 'लीफ' मागितली की सुटी मिळते. निलगिरीची पत्ती मला सगळ्यांत आवडते, ती मुळातच जरा हलकी आणि सुवासिक असते. दार्जिलिंगही चालेल. चीनमध्ये बहुतेक हिरव्या पत्तीवर करतात, पण त्यात दूध घातलं की चव आपल्या जिभेला पातळ वाटते. मी घरच्यासाठी निलगिरीची काळी पत्ती घेते; भाची आली की हिरवी.

पत्ती दुसऱ्याचा वास फार पटकन धरते. तीच तिची ताकद आणि तोच तिचा धोका. माझी एकदा १०० ग्रॅम चांगली पत्ती गोड्या मसाल्याच्या डब्याशेजारी सैल झाकणात राहिली. आठवड्यानं उघडली तर दगडफूल आणि खोबऱ्याचा वास. टाकून द्यावी लागली. तेव्हा डबा, हात, फडकं, सगळं बिनवासाचं पाहिजे. साबणाचा वास असलेलं फडकंसुद्धा नको.

आता कळ्या. त्या सकाळी काढून उपयोग नाही. मोगरा रात्री उमलतो आणि उमलताना वास सोडतो, म्हणून संध्याकाळी ५-५॥ वाजता, आज रात्री उमलणार अशाच कळ्या काढायच्या. ओळखायच्या कशा? पूर्ण वाढलेली, टपोरी, पांढरीशुभ्र, पण टोक अजून घट्ट मिटलेलं. हिरवट छटा असेल तर ती उद्याची किंवा परवाची. तिला राहू द्या. आदल्या रात्री उमललेलं फूल झाडावर दिसायला छान असतं, पण त्याचं देणं देऊन झालेलं असतं.

माझ्या काट्यावर १०० कळ्या साधारण २५ ग्रॅम भरतात. ५० ग्रॅम पत्तीला एका रात्रीसाठी मी ४० ते ५० ग्रॅम कळ्या घेते. सहा कुंड्यांतून एवढ्या कळ्या भर बहरात निघतात, एरवी नाही. तुमच्याकडे दोनच कुंड्या असतील तर पत्ती २० ग्रॅमच घ्या. प्रमाण महत्त्वाचं, माप नाही.

कळ्या धुवायच्या नाहीत. पत्तीला पाणी लागलं की बुरशीला आमंत्रण. म्हणून झाड घरचंच हवं, किंवा ज्यावर औषध मारत नाहीत हे तुम्हाला पक्कं माहीत आहे असं. कळ्या कोरड्या फडक्यावर पसरून मुंग्या, किडे झटकून घ्या, देठाची हिरवी टोपी खुडून टाका आणि त्या पंख्याशिवाय तशाच राहू द्या. साडेआठ-नऊच्या सुमारास टोकं सैल पडायला लागतात, वास एकदम वाढतो. ती वेळ.

पसरट स्टीलच्या डब्यात तळाला पत्तीचा पातळ थर, त्यावर कळ्यांचा, परत पत्तीचा, परत कळ्यांचा, शेवटी पत्ती. दाबायचं नाही, कळ्यांना उमलायला जागा हवी. वर कोरडं सुती फडकं आणि त्यावर झाकण, अगदी घट्ट न बसवता. डबा गॅसपासून लांब, थंड जागी. झोपण्याआधी, अकराच्या सुमारास, मी एकदा हातानं वरखाली करते, म्हणजे मधल्या पत्तीलाही उमललेली फुलं भेटतात.

सकाळी झाकण उघडाल तेव्हा फुलं पिवळट, मलूल झालेली असतील आणि पत्ती हाताला मऊ लागेल. फुलातलं पाणी तिनं घेतलेलं असतं. आता सगळी फुलं काढायची. मोठी हातानं वेचायची, उरलेल्या पाकळ्या सुपात हलकेच पाखडायच्या किंवा भोकाच्या चाळणीतून पत्ती खाली पाडायची. आळस करून फुलं तशीच ठेवली तर दोन दिवसांत कडू वास येतो. दुकानातल्या पत्तीत वाळक्या पाकळ्या दिसतात, त्या बऱ्याचदा शोभेच्या असतात. वास पत्तीत असतो.

मऊ पडलेली पत्ती वाळवणं हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. उन्हात ठेवली तर रात्रभराची कमाई उडून जाते. मी जाड तवा गरम करते, गॅस बंद करते, त्यावर एक ताट पालथं आणि त्या पालथ्या ताटावर पत्ती पसरलेलं दुसरं ताट ठेवते. वीसेक मिनिटं त्या उबेवर, मध्ये दोनदा हलवायचं. मग दिवसभर सावलीत, पातळ फडक्याखाली. संध्याकाळी चिमटीत धरून चुरडली की कुरकुर आवाज आला पाहिजे.

आणि त्याच संध्याकाळी ताज्या कळ्या घेऊन परत हेच सगळं. एका रात्रीत पत्तीला नुसता मोगऱ्याचा वारा लागतो. दुसऱ्या रात्री वास येतो. तिसऱ्या रात्रीनंतर तो चवीत उतरतो. मी तीन रात्री करते. चीनमध्ये उंची मालाला सहा-सात वेळाही फुलं देतात. तिसऱ्या खेपेनंतर पत्ती नीट वाळवून काचेच्या बरणीत, अंधारात ठेवायची आणि आठवडाभर तिच्याकडे बघायचं नाही. ताज्या ताज्या पत्तीत वास थोडा भडक आणि वरवरचा वाटतो, आठवड्यानं बसतो.

दूध

फुलांच्या चहाबद्दल लोक पत्तीचं विचारतात, दुधाचं कुणी विचारत नाही. मला वाटतं अर्धा चहा दुधात बिघडतो.

दूध खूप तापवलं की त्याला शिजका वास येतो. दुधातली काही प्रथिनं उष्णतेनं उलगडतात आणि त्यांच्यातले गंधकयुक्त भाग मोकळे होतात, तो हा वास. मसाला चहात तो लपतो, किंबहुना आपल्याला आवडतोही. मोगऱ्यावर मात्र तो बसतो. म्हणून इथे दूध कोमट-गरम करायचं, ६० ते ६५ अंशांपर्यंत. थर्मामीटर लागत नाही : पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले, साय धरायच्या आत, की उतरवा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पिशवीचं दूध डेअरीत पाश्चराइज झालेलं असतं, ते न उकळता नुसतं गरम करून घेतलं तरी चालतं, अट एवढीच की पिशवी घरी येईपर्यंत आणि आल्यावरही थंड राहिलेली हवी. गवळ्याकडचं सुटं दूध मात्र कच्चं असतं. ते उकळलंच पाहिजे, वासासाठी त्यात तडजोड नाही. ते सकाळी उकळून, गार करून, फ्रिजमध्ये ठेवा, साय काढा, आणि चहाच्या वेळी त्यातलं हवं तेवढं कोमट करा. शिजका वास गार झाल्यावर बराच कमी होतो. बऱ्याच दिवसांच्या टिकाऊ खोक्यातल्या दुधाला तो वास कायमचा असतो. ते मी या चहाला घेत नाही.

गाईचं की म्हशीचं? गाईच्या दुधात फॅट साधारण साडेतीन-चार टक्के, म्हशीच्या सहा-सात. चहात ओतायला गाईचं बरं, म्हशीच्या दुधाची साय जिभेवर बसते आणि पत्तीचा हलका वास मागे राहतो. पण फुलं दुधातच मुरवायची असतील तर उलटं. सुवासाची तेलं स्निग्धांशात विरघळतात, त्यामुळे जितकं फॅट जास्त तितका वास जास्त धरला जातो. केंद्रावर असताना कॅनमधल्या दुधाला गोठ्याचा, लसणाच्या पाल्याचा, रॉकेलचा वास लागलेला मी रोज पकडायचे. तोच गुण इथे आपल्या कामाला येतो.

आता कप

दोन जणांसाठी : २०० मिली पाणी, दोन सपाट चमचे मुरवलेली पत्ती (साधारण ५ ग्रॅम), १०० मिली दूध, चवीपुरती खडीसाखर.

पाणी गाळलेलं घ्या. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला कधी कधी क्लोरिनचा वास असतो, तो या चहात लगेच कळतो. पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवलं तर बराच कमी होतो. काळ्या पत्तीला पाणी उकळीला आणून, गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचं, मग पत्तीवर ओतायचं. हिरव्या पत्तीला त्याहून गार, तळाशी बारीक बुडबुडे सुटायला लागतात तेवढंच. झाकण ठेवायचं. झाकण विसरू नका, वास वाफेतच असतो. काळी पत्ती ४ मिनिटं, हिरवी अडीच-तीन. यापुढे तुरटपणा यायला लागतो. रंग गडद झाला नाही म्हणून आणखी मुरत ठेवायचा मोह होतो. त्याऐवजी पुढच्या वेळी पत्ती अर्धा चमचा वाढवा.

खडीसाखर कपात, त्यावर गाळलेला चहा, ढवळून साखर विरघळली की कोमट दूध. शेवटचं दूध घातल्यावर परत गॅसवर ठेवायचं नाही. आमचे हे पहिले काही दिवस म्हणायचे, "जरा उकळी आण ना, गार वाटतो." मी कप गरम पाण्यानं विसळून, कोरडे करून घ्यायला लागले, मग तक्रार गेली.

आलं, वेलदोडा, गवती चहा यांतलं काहीही नको. गूळही नको, त्याची स्वतःची चव दांडगी आहे, आणि काही गुळानं गरम दूध फाटतंही.

पत्ती मुरवायला तीन रात्री नसतील तर

उकळून पूर्ण गार केलेलं २५० मिली म्हशीचं दूध घ्या. घरच्या मोगऱ्याची १२-१५ नुकती उमलायला लागलेली फुलं पाण्यातून अलगद काढून, फडक्यावर टिपून, हिरवे देठ खुडून दुधात सोडा. झाकण लावून फ्रिजमध्ये रात्रभर, साधारण ८ तास. सकाळी गाळा. बस. हे दूध कोमट करून कुठल्याही हलक्या पत्तीच्या चहात घातलं की मोगरा बोलतो. मात्र ते त्याच दिवशी संपवायचं. फूल पडलेलं दूध दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवू नका, आणि ओट्यावर तर मुळीच ठेवू नका. आपल्या मे महिन्यात दूध दोन-तीन तासांत आंबायला लागतं.

गुलाब

मोगलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत, गुलशन म्हणजे फुलबाग. आजही दिंडोरी तालुक्यात मोहाडी-जानोरीकडे गेलात तर गुलाबाची पॉलिहाऊसं दिसतात. तो गुलाब सुंदर आहे, लांब दांड्याचा, आठवडा टिकणारा, पण तो फुलदाणीचा. त्याला वास जवळजवळ नसतो आणि त्यावर कीड-बुरशीची औषधं मारलेली असतात, कारण तो खाण्यासाठी पिकवलेलाच नसतो. एका वाढदिवसाच्या बुकेतली फुलं मी एकदा वाळवली होती. वाळल्यावर पाकळीला औषधाचाच वास. हार, गजरे, बुके यांतलं कुठलंही फूल पोटात घालू नका. बाजारातल्या मोगऱ्यालाही हे लागू, कळी पोखरणाऱ्या अळीसाठी त्यावरही फवारणी होते.

चहाला हवा तो गावठी गुलाब, गुलकंदाचा. फूल लहान, गुलाबी, पाकळ्या सैल आणि पातळ, हात लावला की गळणाऱ्या. मला तो मखमलाबादच्या एका मळ्यातून मिळतो, बांधावर दोन-तीन झुडपं आहेत. पाकळीच्या बुडाशी पांढरा ठिपका असतो तो चिमटून टाकायचा, कडवटपणा तिथे असतो. दोन-तीन फुलांच्या पाकळ्या २५० मिली थंड दुधात, मोगऱ्यासारख्याच रात्रभर. गुलाब पत्तीत मुरवायचा प्रयत्न मी दोन वर्षं केला. मोगऱ्याइतका तो पत्तीत उतरत नाही. सावलीत वाळवलेल्या पाकळ्या पत्तीबरोबरच भिजवल्या तर बरा येतो, दोन चमचे पत्तीला एक मोठा चमचा पाकळ्या.

सर्वांत सोपं आणि मला वाटतं सर्वांत चांगलं म्हणजे गुलकंद. घरचा, पाकळ्यांच्या दुप्पट खडीसाखर घालून महिनाभर उन्हात मुरवलेला. कपात चमचाभर गुलकंद, त्यावर गरम चहा, मग दूध. साखर वेगळी नको. तळाशी राहिलेल्या पाकळ्या चमच्यानं खायच्या. आमच्याकडे पाहुणे आले की हाच होतो, कारण तो कधी फसत नाही.

गोकर्ण, जास्वंद

गोकर्णाला वास नाही, रंग आहे. ८-१० निळी फुलं, हिरवा देठ काढून, १०० मिली गरम पाण्यात पाच मिनिटं. गडद निळं पाणी होतं. त्यात मोगऱ्याचं दूध घातलं की फिकट आकाशी. मुलांना फार आवडतं. यात पत्ती घालायची नाही, तपकिरी रंगानं सगळं मळतं, आणि चहापत्ती नसल्यामुळे मुलांना द्यायला मनही धजतं. लिंबू पिळलं की निळं पाणी जांभळं होतं, ती गंमत त्यांना आधी नुसत्या पाण्यात दाखवा. दुधात लिंबू पिळायचं नाही, हे सांगायला नको.

जास्वंदीचं मात्र सांगायला हवं. एका भाऊबीजेला मी भावांसाठी लाल चहा करायचा म्हणून जास्वंदीच्याच कुळातल्या अंबाडीच्या लाल बोंडांचा काढा केला, बाहेर जास्वंदीचा चहा म्हणतात तो याच बोंडांचा, आणि त्यात गरम दूध ओतलं. क्षणात पाणी वेगळं, गाठी वेगळ्या. २३ वर्षं दूध तपासलेल्या बाईनं हे करायला नको होतं, आणि त्याचं मला वाईटही वाटलं. दुधाचा सामू, म्हणजे आंबटपणा दाखवणारा पीएच, ६.६-६.७ असतो; आंबटपणा वाढला की तो आकडा उतरतो. तो ४.६ च्या आसपास उतरला की केसीन हे दुधातलं मुख्य प्रथिन सुटं होतं, म्हणजेच दूध फाटतं; दूध गरम असेल तर त्याच्या बरंच आधी. अंबाडीची बोंडं चांगलीच आंबट असतात. त्यांचा चहा बिनदुधाचाच प्यावा, खडीसाखर घालून तो छान लागतो.

कोणतं फूल अजिबात नाही

कण्हेर विषारी आहे, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी तर फारच. धोतरा विषारी. रातराणीचा वास कितीही आवडला तरी ते झाड पोटात घ्यायचं नाही. तगर पांढरी असते आणि परडीत मोगऱ्यात सहज मिसळते. पूजेची फुलं आणि चहाच्या कळ्या एकाच परडीत काढू नका. चाफा, पारिजातक मी वापरत नाही. ज्या फुलाचं नाव तुम्हाला खात्रीनं सांगता येत नाही ते चहात जाणार नाही, एवढा नियम घरात सगळ्यांना, विशेषतः मुलांना, माहीत हवा. आणि घरात कुणी गरोदर असेल किंवा कुणाला परागकणांचा त्रास असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच द्या.

भांडी आणि उन्हाळा

भांडी बाजारातून आणलेलं तांब्या-पितळेचं भांडं कितीही देखणं असलं तरी कल्हई नसेल तर त्यात हा चहा किंवा दूध ठेवू नका. काच, चिनीमाती, स्टील, एवढंच. चहाची किटली किंवा गाळणं मसाला चहाचं असेल तर वेगळं ठेवा. माझं गाळणं वेगळं आहे आणि त्याला लाल दोरा बांधलाय, म्हणजे कुणी चुकून घेत नाही.

मे महिन्यात दुपारी गरम चहा नको वाटतो. तेव्हा मुरवलेली पत्ती थंड पाण्यातच घालते : अर्ध्या लिटरला तीन चमचे, झाकून फ्रिजमध्ये ६-७ तास. गरम पाण्याचा तुरटपणा यात येत नाही, मोगरा फार स्वच्छ लागतो. गाळून, थंड दूध, खडीसाखरेचा पाक, बर्फ. भाची त्यात साबुदाणा शिजवून, गार पाण्यातून काढून घालते. तैवानच्या बबल टीतले काळे मोतीही टॅपिओकाच्या पिठाचेच, आणि आपला साबुदाणाही, तेव्हा नातं जवळचंच आहे. मला सब्जा जास्त बरा वाटतो.

मुरवलेली बरणी मी जूनच्या सुरुवातीला भरून ठेवते, पावसाचा दमटपणा यायच्या आत. ५० ग्रॅमच्या दोन बरण्या झाल्या की दिवाळीपर्यंत जातात, त्यानंतर वास हळूहळू उतरतो. डब्यातून वेचलेली मलूल फुलं परत कुंड्यांतच जातात. डिसेंबर अखेरीस त्याच कुंड्यांचं पाणी हळूहळू तोडायचं, पानं पिवळी पडू द्यायची, जानेवारीत गुडघ्याच्या उंचीवर छाटणी, मातीत ओंजळभर शेणखत, आणि फेब्रुवारीपासून परत पाणी. छाटायला हात होत नाही, पण फुलं नव्या फुटीवरच येतात. यंदा मी दोन कुंड्या छाटायच्या राहू दिल्या होत्या. त्यांच्यावर एप्रिलमध्ये निम्म्याही कळ्या आल्या नाहीत.